निकालाचं पान आणि मिसळणाचा डबा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आत्ता माझं हे बोलणं दहाजण ऐकत असतील किंवा दहा लाख ऐकत असतील, रेडिओच्या प्रक्षेपकाला त्याने काही फरक पडत नाही. तो एकदाच बोलतो. ज्याच्या घरी संच असेल त्याने तो लावावा आणि ऐकावं. वेबसाइटचं मात्र तसं नसतं. वेबसाइट ही सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखी असते. प्रत्येकजण स्वतंत्रपणे येतो, आपला कागद मागतो. खिडकीमागचा कारकून उठतो, कपाटातून नोंदवही काढतो, कागद तयार करतो, शिक्का मारतो, देतो आणि पुढच्याला हाक मारतो. दहा माणसं असली तर काम सुरळीत चालतं. दहा हजार माणसं एकाच क्षणी खिडकीशी उभी राहिली, तर कारकून कितीही हुशार असो, त्याचा इलाज चालत नाही.

हे दृश्य आपल्याकडे दरवर्षी दिसतं. निकालाचा दिवस असतो. दुपारी एक वाजता निकाल लागणार असं जाहीर झालेलं असतं. एकला पाच कमी असल्यापासून घरातला प्रत्येकजण फोन हातात घेऊन बसतो. मुलगा एका फोनवर, आई दुसऱ्यावर, पुण्याचा मामा तिसऱ्यावर. आणि बरोबर एक वाजता पडद्यावर पांढरं पान आणि मधोमध ते गोल फिरणारं चिन्ह. मग काय करायचं? पुन्हा बटण दाबायचं. पुन्हा दाबलं की रांगेत आणखी एक माणूस वाढतो, कारण आधीची विनंती अजून आत पडूनच असते. म्हणजे वेबसाइट जितकी मंद, तितकी तिच्यावरची गर्दी जास्त. हे दुष्टचक्र मी फार जवळून पाहिलेलं आहे. एका परीक्षा घेणाऱ्या संस्थेची वेबसाइट काही वर्षं माझ्याकडे होती, आणि आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी तिथे ठेच खाऊन शिकलो.

आधी एक पान उघडायला वेळ कुठे जातो ते पाहू. दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे काम. आपण आसन क्रमांक लिहिला की तिकडचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो माहितीच्या साठ्यात ती नोंद शोधतो, गुणांची बेरीज मांडतो, वर संस्थेचं नाव, खाली सूचना, असं करत पान रचतो. हे काम सेकंदाच्या काही भागात होतं, पण प्रत्येकासाठी नव्याने होतं. दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. याचा विचार आपण सहसा करत नाही, कारण इंटरनेटला अंतर नसतं असं आपल्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं आहे. अंतराकडे आपण नंतर येऊ. आधी काम.

कामावरचा उपाय आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. फोडणी करायची वेळ आली की कुणी मोहरी आणायला वाण्याकडे जात नाही. वर्षाची मोहरी माळ्यावरच्या डब्यात असते, महिन्याची फडताळातल्या बरणीत असते, आणि रोजची मिसळणाच्या डब्यात, हाताशी. डबा छोटा असतो, त्यात सगळं मावत नाही. म्हणून जे रोज लागतं तेच त्यात जातं. तीळ आणि खसखस मागे फडताळात. संगणकात नेमकं हेच करतात आणि त्याला कॅश म्हणतात. पैशांची ती कॅश नव्हे. हा शब्द मूळ फ्रेंच, लपवून ठेवण्याशी संबंधित. इंग्रजीत तो लपवलेल्या साठ्याला वापरतात. संगणकाच्या प्रोसेसरजवळ अशी लहान, चपळ स्मृती ठेवावी ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका लेखात मांडली, आणि १९६८ साली जाहीर झालेल्या, आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतल्या ८५ क्रमांकाच्या यंत्रातून ती प्रत्यक्ष बाजारात आली. वेबसाइटची कॅश ही त्याच घराण्यातली. एकदा रचलेलं पान फेकून द्यायचं नाही, जपून ठेवायचं. पुढच्याने तेच मागितलं की ठेवलेलं उचलून द्यायचं.

असे डबे एका जागी नसतात, वाटेत अनेक ठिकाणी असतात. पहिला तुमच्याच फोनमध्ये. ब्राऊझर एकदा आलेली चित्रं, अक्षरांचे ठसे वगैरे स्वतःजवळ ठेवतो, म्हणून रोजच्या वृत्तपत्राची वेबसाइट दुसऱ्यांदा उघडताना पटकन उघडते. किती वेळ ठेवायचं हे सर्व्हर त्याला प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी लावून सांगतो: हे एक तास ठेव, हे एक वर्ष ठेव, हे अजिबात ठेवू नकोस. मुदत संपली तरी वस्तू लगेच फेकून देत नाहीत. ब्राऊझर विचारतो, 'माझ्याकडे अमुक खुणेची प्रत आहे, ती चालेल का?' बदल झालेला नसेल तर सर्व्हर नुसतं 'बदल नाही' एवढंच उत्तर देतो आणि सगळी वस्तू पुन्हा पाठवायचं वाचतं. शेवटचा डबा खुद्द सर्व्हरच्या दारात. तिथे एक वेगळं यंत्र उभं करतात, जे आलेल्या माणसाला आत जाऊच देत नाही, ओसरीवरच तयार पान हातात देतं. व्हार्निश नावाचा असा एक प्रसिद्ध प्रोग्रॅम आहे. तो २००६ साली नॉर्वेतल्या व्हेर्देन्स गांग या वृत्तपत्राच्या वेबसाइटसाठी तयार झाला, आणि आधी बारा यंत्रांवर चालणारं त्यांचं काम तीन यंत्रांवर आलं.

आता आमच्या निकालाची गोष्ट.

पहिल्या वर्षी साइट एक वाजता कोसळली ती संध्याकाळी सहापर्यंत उठली नाही. तालुक्याच्या गावात सायबर कॅफेसमोर पोरं रांगा लावून उभी, आणि आत पांढरं पान. दुसऱ्या दिवशी बैठक झाली आणि आणखी दोन सर्व्हर घ्यायचे ठरले. म्हणजे आणखी दोन कारकून. रांगेची लांबी पाहता त्याने काही होणार नव्हतं, पण यंत्र विकत घेतलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मी मात्र एक दिवस बसून पान उघडल्यावर काय काय पाठवलं जातं याची यादी काढली. निकालाचा मजकूर चार केबी. वर संस्थेचं बोधचिन्ह, इमारतीचं चित्र आणि पदाधिकाऱ्यांची छायाचित्रं असलेली पट्टी होती, ती बाराशे केबी. म्हणजे पत्र पोस्टकार्डाएवढं आणि पाकीट गोणीएवढं. त्यात 'हे काहीच ठेवू नकोस' अशी चिठ्ठी सरसकट सगळ्या वस्तूंवर लावलेली, त्यामुळे ज्याने सहा वेळा बटण दाबलं त्याला पदाधिकाऱ्यांचं दर्शन सहा वेळा. ती पट्टी काढून टाकायला मला दोन महिने आणि तीन पत्रं लागली. यंत्रं त्याआधीच येऊन पडली होती.

दुसऱ्या वर्षी मी ओसरीवरचा पहारेकरी बसवला. प्रोग्रॅम मोफत मिळणारा होता, चांगला होता. मूळ वेबसाइट प्रत्येक पानाबरोबर 'ठेवू नकोस' असं सांगत होती, तेव्हा मी पहारेकऱ्याला हुकूम दिला की त्या चिठ्ठीकडे लक्ष देऊ नकोस, प्रत्येक पान पाच मिनिटं ठेव. चाचणी घेतली. साइट पळायला लागली. मी खूश.

आता इथे थोडं बारकाईने ऐका. पहारेकरी पान ओळखतो ते पानाच्या पत्त्यावरून. एका पत्त्याचं पान एकदा ठेवलं की त्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच देतो. आमच्या साइटवर विद्यार्थी पहिल्या पानावर आसन क्रमांक आणि आईचं नाव भरत असे, ते त्याच्या ब्राऊझरमध्ये एका खुणेत साठत असे, आणि मग तो निकालाच्या पानावर जात असे. त्या निकालाच्या पानाचा पत्ता सगळ्या विद्यार्थ्यांसाठी एकच होता. कोण आलंय हे फक्त त्या खुणेवरून कळायचं, आणि पहारेकरी खुणेकडे बघत नव्हता. मी चाचणी घेतली तेव्हा एकच आसन क्रमांक पुन्हा पुन्हा टाकून घेतली होती. त्यामुळे मला काही दिसलं नाही.

एक वाजला. साइट उभी राहिली. कचेरीत कुणीतरी पेढे आणा म्हणालं. एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. कोल्हापूरकडचे एक गृहस्थ होते. अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, हा निकाल माझ्या मुलीचा नाही. नाव दुसऱ्याचं आहे. पण तिनं नाव वाचलंच नाही. खाली अनुत्तीर्ण लिहिलंय तेवढं वाचलं आणि आत जाऊन दार लावून घेतलंय. तुम्ही मला खरा निकाल सांगा, मी दारातनं तिला वाचून दाखवतो."

मी तिचा आसन क्रमांक विचारून मूळ साठ्यात पाहिला. ती उत्तीर्ण होती, प्रथम श्रेणीत. आकडे एकेक करून सांगितले. ते पलीकडून मोठ्याने म्हणत होते, मराठी इतके, भूगोल इतके. फोन त्यांनी ठेवला नाही, तसाच बाजूला ठेवला असावा, कारण थोड्या वेळाने मला कडी काढल्याचा आवाज ऐकू आला.

त्या वीस मिनिटांत, पाच मिनिटांना एक या हिशेबाने, चार मुलांच्या गुणपत्रिका आम्ही हजारो घरांत दाखवल्या होत्या. ज्यांना दुसऱ्याचे गुण दिसले त्यांची घालमेल तर झालीच. पण ज्या चौघांचे गुण गावभर झाले त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? चूक यंत्राची नव्हती, कंत्राटदाराची नव्हती, माझी होती. पहारेकऱ्याला 'चिठ्ठीकडे बघू नकोस' असं मीच सांगितलं होतं. मी घाईघाईने त्याला बंद केलं, साइट अपेक्षेप्रमाणे कोसळली, आणि त्या दिवशी ती कोसळल्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

पण तेवढ्याने भागलं नाही. आमच्या दारातला डबा आम्ही रिकामा केला, तरी लोकांच्या ब्राऊझरमधले डबे आमच्या हातात नव्हते. पाच मिनिटांची मुदत माझ्या त्या हुकमामुळे पुढेही गेली होती. सायबर कॅफेत तर सगळ्या संगणकांना मिळून एकच जोडणी असे आणि तीवर त्यांचा स्वतःचा डबा. तिथे तेच चुकीचं पान आणखी काही वेळ फिरत राहिलं. बाहेर गेलेली प्रत परत बोलावता येत नाही, ही कॅशमधली सगळ्यात अवघड बाब आहे. म्हणून जाणकार मंडळी चित्राची किंवा फाइलची मुदत वर्षभराची ठेवतात, पण ती बदलली की तिचं नावच बदलतात. नवं नाव कुणाच्याच डब्यात नसतं, त्यामुळे सगळे ताजी प्रत घ्यायला येतात. जुनी पडून राहते बिचारी, तिला कुणी विचारत नाही.

अशी चूक फक्त माझ्यासारख्याकडून होते असं मला बरेच दिवस वाटायचं. मग २०१५ सालच्या नाताळच्या दिवशी स्टीम या जगप्रसिद्ध संगणकीय खेळांच्या दुकानात हेच झालं. त्यांच्या साइटवर हल्ला होत होता, गर्दी आवरायला कॅशचे नियम घाईने बदलले गेले, आणि सुमारे ३४ हजार ग्राहकांची खासगी पानं, त्यांत कुणाचा पत्ता, कुणाच्या खरेदीचा तपशील, भलत्याच लोकांच्या पडद्यावर गेली. तेव्हा कुठलंही पान डब्यात टाकण्यापूर्वी हे पान सगळ्यांचं आहे की एकाचं, हा प्रश्न माणसाने विचारायचा असतो. यंत्राला तो पडत नाही. बातमी सगळ्यांची, वेळापत्रक सगळ्यांचं, गुणपत्रिका एकाची, बँकेचं खातं एकाचं. त्यासाठी 'खासगी' आणि 'मुळीच साठवू नये' अशा वेगवेगळ्या चिठ्ठ्या आहेत आणि त्या कंटाळा न करता लावाव्या लागतात.

आता ते अंतराचं राहिलं होतं.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, जिथे जगातले पुष्कळ सर्व्हर आहेत, सरळ रेषेत अंतर साधारण १३ हजार किलोमीटर. जाऊन येऊन २६ हजार. म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत, वर्सोव्याहून निघून वळसे घेत जातात, त्यामुळे एक फेरी पाव सेकंदाच्या आसपास जाते. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. पण पान मागण्यापूर्वी रीतसर ओळख करून घ्यावी लागते. 'आहात का?' 'आहे.' मग गुप्त भाषा कोणती वापरायची ते ठरवायचं. मग पान मागायचं. जुन्या पद्धतीत या सगळ्याला मिळून चार फेऱ्या लागत. २०१८ सालच्या नव्या नियमांनी त्यातली एक कमी केली. म्हणजे पहिलं अक्षर दिसण्याआधीच पाऊण ते एक सेकंद संपला. तुम्ही घरी जाड केबल घ्या, महागडी योजना घ्या, या वेळात फरक पडत नाही. रस्ता रुंद केला म्हणून पुणे मुंबईच्या जवळ येत नाही.

प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही, तेव्हा एकच उपाय उरतो: वस्तूच जवळ आणून ठेवायची. हा उपाय वृत्तपत्रांना नवा नाही. नागपूरच्या वाचकासाठी मुंबईत छापलेला अंक रात्रभर आगगाडीतून पाठवण्यापेक्षा मजकूर तिकडे पाठवायचा आणि अंक नागपुरातच छापायचा. इंटरनेटवर हेच करणाऱ्या यंत्रणेला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, थोडक्यात सीडीएन म्हणतात. आपण तिला वितरणजाळं म्हणू. गावोगावी, देशोदेशी यंत्रं ठेवलेली असतात, मूळ साइटच्या प्रती त्यांत असतात, आणि वाचकाला सगळ्यात जवळच्या यंत्राकडे पाठवलं जातं. पाठवतात कसं? आपण साइटचं नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा खरा आकडी पत्ता कुणालातरी विचारावा लागतो. उत्तर देणारा पाहतो की विचारणारा कुठला आहे, आणि नाशिकच्या माणसाला मुंबईतल्या यंत्राचा पत्ता देतो, टोकियोच्या माणसाला टोकियोतल्या. दोघांना वाटतं आपण एकाच ठिकाणी गेलो.

याची सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या एमआयटीत. वेब ज्यांनी शोधलं ते टिम बर्नर्स-ली तिथेच होते, आणि १९९५ साली त्यांनी सहकाऱ्यांपुढे प्रश्न टाकला की उद्या या वेबवर माणसांचा लोंढा येईल तेव्हा ते तुंबणार, त्याचं काय करायचं. टॉम लेटन हे तिथले उपयोजित गणिताचे प्राध्यापक, आणि डॅनियल लेविन हा त्यांचा विद्यार्थी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर गणित मांडलं. ते गणित मला फार आवडतं, म्हणून थोडक्यात सांगतो. समजा हजारो चित्रं दहा यंत्रांत वाटून ठेवायची आहेत. सोपा उपाय म्हणजे चित्राच्या क्रमांकाला दहाने भागायचं आणि बाकी राहील त्या यंत्रात ते ठेवायचं. पण एक यंत्र बिघडलं की आता नऊने भागायला हवं, आणि जवळजवळ सगळ्या चित्रांची जागा बदलते. सगळे डबे एकदम निरुपयोगी. यांनी काय केलं, तर यंत्रांना गोल पंगतीत बसवलं. चित्रंही त्याच गोलावर कुठे कुठे येतात आणि पुढे जो पहिला बसलेला असेल त्याच्या पानात पडतात. एखादा उठला तर फक्त त्याच्या पानातलं पुढच्याकडे जातं, बाकीची पंगत हलत नाही. १९९७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९९८ साली लेटन आणि लेविन यांनी अकामाय ही कंपनी काढली. नाव हवाई बेटांवरच्या भाषेतलं आहे, अर्थ हुशार.

११ सप्टेंबर २००१ रोजी बोस्टनहून निघालेलं जे विमान न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवण्यात आलं, त्यात डॅनियल लेविन होता. वय एकतीस. त्या दिवशी जगभरची माणसं बातम्यांच्या साइटवर तुटून पडली. सीएनएनला आपल्या पानावरची चित्रं काढून नुसता मजकूर ठेवावा लागला. गूगलने तर लोकांना सांगितलं की ताजी बातमी हवी असेल तर टीव्ही किंवा रेडिओ लावा. लेविनच्या कंपनीतले लोक, आपला माणूस गेल्याचं कळत असताना, त्याने मांडलेल्या गणितावर चालणारी यंत्रं सांभाळत बातम्यांच्या साइट उभ्या ठेवण्याचं काम करत होते.

आपल्याकडचं याचं मोठं उदाहरण क्रिकेटचं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हॉटस्टारवर एका क्षणी पाच कोटी नव्वद लाख प्रेक्षक होते. एवढ्या लोकांना एका जागेहून चित्र पाठवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून सामन्याची काही सेकंदांची एकेक चकती कापतात. ती चकती सगळ्यांसाठी सारखी असते, तेव्हा ती एकेका शहरातल्या यंत्रापर्यंत एकदाच जाते आणि तिथून लाखो घरांत. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या तर इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या इमारतींतच आपल्या पेट्या नेऊन ठेवतात आणि उद्या कुठे काय पाहिलं जाईल याचा अंदाज बांधून, गर्दी नसलेल्या वेळी त्या भरून ठेवतात. एकदा बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं, हे रेडिओचं तत्त्वच झालं की! इंटरनेटला मोठा वळसा घालून तिथे यावं लागलं, एवढंच.

यात एक काळजीचा भाग आहे तोही सांगितला पाहिजे. वितरणजाळी चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्या आहेत. ८ जून २०२१ रोजी फास्टली या अशाच एका कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये लपलेली चूक, एका ग्राहकाने आपल्या मांडणीत केलेल्या साध्या बदलाने जागी झाली आणि ब्रिटिश सरकारची साइट, गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स असं सगळं एकदम बंद पडलं. साधारण तासाभरात बरंचसं पूर्ववत झालं. पण कारकुनांच्या हजार खिडक्या बंद करून आपण एकाच ओसरीवर किती माणसं आणून बसवली आहेत, हे त्या दिवशी दिसलं.

मला नेहमी विचारतात की ज्या साइटवर दर क्षणी बदल होतो, तिथे कॅशचा काय उपयोग? धावफलक पाच मिनिटं जुना चालत नाही. बरोबर आहे, पण एक सेकंद जुना चालतो. आणि सेकंदाला पाच हजार माणसं तो मागत असतील, तर एक सेकंदाच्या डब्याने आतल्या कारकुनाकडे पाच हजारांऐवजी एकच माणूस जातो. फक्त एक पथ्य पाळायचं. तो एक सेकंद संपला त्या क्षणी पाच हजारजण एकदम आत घुसता कामा नयेत. पहिल्याला ताजी प्रत आणायला आत पाठवायचं, आणि तो येईपर्यंत बाकीच्यांना जुनीच द्यायची. एवढं न केल्यामुळे चांगल्या चांगल्या साइट भर गर्दीत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

आज हे सगळं आमच्या वेळेपेक्षा फार सोपं झालंय. शाळेची, वाचनालयाची, पतसंस्थेची साइट असेल तरी वितरणजाळ्याची साधी सेवा क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीकडून फुकटही मिळते. पण ती घेण्याआधी एकदा पानाचं वजन करून बघा. बहुतेक वेळा वरची ती पट्टीच सगळ्यात जड निघते.

तिसऱ्या वर्षी आम्ही निकालाची पानं मागायची वाट पाहिलीच नाही. निकाल एकदा पक्का झाला की बदलत नाही, मग तो गर्दीत बसून का रचायचा? आदल्या रात्री प्रत्येक विद्यार्थ्याचं छोटं पान तयार करून ठेवलं. प्रत्येकाचा पत्ता वेगळा, आसन क्रमांक आणि आईचं नाव यांच्यावरून गणिताने काढलेला, म्हणजे दुसऱ्याला अंदाजाने सापडू नये. वर विद्यार्थ्याचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं, गुणांपेक्षा मोठ्या. चाचणी घ्यायला चाळीस वेगवेगळे क्रमांक आणि कचेरीतली सहा माणसं बसवली. एक वाजता कुलूप काढलं. फोन वाजला नाही. दोन वाजेपर्यंत वाजला नाही. तीनच्या सुमारास वाजला तेव्हा माझा हात जरा थरथरला.

लातूरहून एक शिक्षक बोलत होते. निकाल व्यवस्थित दिसला म्हणाले. मात्र फेरतपासणीच्या अर्जाच्या पानावर शेवटची तारीख मागच्या वर्षीची दिसतेय. ती तारीख आम्ही सकाळीच बदलली होती. पण ते पान चोवीस तास ठेवावं असं मीच आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं.